गिल्डला दिलेल्या तीन रात्री

पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या वाचक ३३ वर्षांच्या आहेत. डोंबिवलीत नवऱ्यासोबत वन बीएचकेमध्ये राहतात आणि ऐरोलीतल्या एका कंपनीत पेरोलचं काम बघतात. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा ऑनलाइन रोल-प्लेइंग गेम खेळायला सुरुवात केली. या खेळाचा भारतात सर्व्हर नाही, त्यामुळे त्या युरोपच्या सर्व्हरवर खेळतात. आता त्या तिथल्या एका गिल्डच्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या कायमच्या गटाच्या, मुख्य रेड टीममध्ये हीलर्सच्या (लढाईत साथीदारांच्या जखमा भरणाऱ्यांच्या) प्रमुख आहेत. रेड म्हणजे मोठ्या गटाने मिळून केलेली चढाई. सोमवार, बुधवार आणि गुरुवार अशा तीन रात्री रेड असते, मध्य युरोपच्या वेळेप्रमाणे आठ ते अकरा.

त्या लिहितात, "दिवाळीनंतर सगळं बिघडत गेलं." डिसेंबरच्या पगारात एका कर्मचाऱ्याची बिनपगारी रजा त्यांच्या हातून दोनदा कापली गेली. साहेबांनी बोलावून "तब्येत बरी आहे ना?" असं विचारलं. लोकलमध्ये डोळा लागून ठाणे दोनदा मागे गेलं. शाळेपासूनच्या मैत्रिणीचं डोहाळजेवण रविवारी संध्याकाळी होतं. त्याच वेळी गिल्डमधल्या चौघांबरोबर डंजन, म्हणजे पाच जणांची छोटी मोहीम, ठरलेली होती, म्हणून "ऑफिसचं अर्जंट काम आलंय" असं सांगून त्या गेल्या नाहीत, आणि तेव्हापासून त्या मैत्रिणीचा फोन उचलायचं टाळतायत. नवरा भांडत नाही. "त्याला काही फरक पडत नाही बहुतेक," असं त्या म्हणतात. आई मात्र टीव्हीवरच्या बातम्या बघून विचारते, "तो तुझा गेम बंद झाला ना आता?"

त्यांचा प्रश्न असा: "ताई, मला व्यसन लागलंय का? गेम पूर्ण सोडून खऱ्या आयुष्याकडे लक्ष द्यायला हवं हे कळतं (पण सोडायचा विचार केला की रडू येतं). तिथे वीस माणसं माझ्यावर अवलंबून आहेत. काय करू?"

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

तुमचा ईमेल पहाटे चारच्या सुमारास आलाय. म्हणजे रेड संपवून, हेडफोन काढून, झोपायच्या आधी तुम्ही तो लिहिला असणार. एवढ्या थकव्यातही तुम्ही तारखा, वार, वेळा सगळं नीट लिहिलंत. त्यातून मला बरंच काही दिसलं, आणि त्यातलं काही लिहिताना तुमच्या लक्षात आलं नसावं असं वाटतं.

रडू येतं, हे तुम्ही कंसात लिहिलंत. मी ते कंसातून बाहेर काढते, कारण सगळ्या पत्रात मला तेच महत्त्वाचं वाटलं. मागच्या पावसाळ्यात तुमचे बाबा आयसीयूत होते, तेव्हा गिल्डमधली पोलंडची एक नर्स रोज रात्री तुमच्याशी बोलत राहिली, रिपोर्टमधले आकडे समजावून देत राहिली. तेव्हा तिचं खरं नावही तुम्हाला माहीत नव्हतं. हे तुम्ही एका ओळीत उरकलंत आणि पुढच्याच परिच्छेदात "खऱ्या आयुष्याकडे लक्ष द्यायला हवं" असं लिहिलंत. मग त्या दिवसांत ती नर्स कुठल्या आयुष्यात होती?

नॉर्वेतला मात्स स्टेन नावाचा तरुण स्नायूंच्या असाध्य आजाराने २०१४ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी गेला. अखेरच्या वर्षांत त्याचा बहुतेक वेळ याच खेळात जायचा. आईवडिलांना वाटायचं, आपला मुलगा एकटाच जगला, त्याला मित्र मिळालेच नाहीत. वडिलांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी दिली आणि देशोदेशींच्या लोकांचे निरोप यायला लागले. त्याच्या 'स्टारलाइट' गिल्डमधले काही जण तर अंत्यविधीला येऊन पोचले. पडद्याआडची मैत्री खोटी असते असं सांगणाऱ्यांना मी ही हकीकत सांगते. म्हणून "गेम डिलीट करा आणि माणसांत या" असं मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही माणसांतच आहात. फक्त त्यातल्या काहींना तुम्ही वेळ ठरवून देता, आणि बाकीच्यांच्या वाट्याला उरेल तेवढा येतो.

आता तारखांकडे येते. दिवाळीनंतर बिघडलं म्हणता आणि त्याचं कारण आळस, बेशिस्त, व्यसन असं स्वतःच्या स्वभावात शोधता. मी ते आधी घड्याळात शोधलं. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जवळजवळ सगळीकडे घड्याळं एक तास मागे जातात. उन्हाळ्यात त्यांच्या आणि आपल्या वेळेत साडेतीन तासांचं अंतर असतं, हिवाळ्यात साडेचार तासांचं. तुमच्या गिल्डची रेड वर्षभर त्यांच्या आठलाच सुरू होते. आपल्याकडे मात्र तीच रेड उन्हाळ्यात साडेअकरा ते अडीच आणि हिवाळ्यात साडेबारा ते साडेतीन. गिल्डमधल्या बाकीच्यांसाठी काहीच बदललं नाही. तुमचा मात्र रात्रीचा एक तास गेला, तोही आठवड्यातून तीनदा. तुम्ही पावणेसातला उठता. म्हणजे त्या तीन रात्री पडल्यापडल्या झोप लागली तरी हाती सव्वातीन तास. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास लागतात. उन्हाळ्यातले सव्वाचार तासही कमीच होते, पण तेवढ्यावर तुम्ही कसंबसं ओढून नेत होतात.

आणि हे नेमकं कोणत्या दिवसांत? पेरोलमध्ये जानेवारी ते मार्च म्हणजे काय असतं हे तुम्हाला मी सांगायला नको. गुंतवणुकीचे पुरावे, घरभाड्याच्या पावत्या, टीडीएसचा वर्षभराचा मेळ, आणि त्याच वेळी दर महिन्याला सात तारखेचा टीडीएस, पंधराचा पीएफ आणि ईएसआय चालूच. एका बाजूने झोपेचा तास गेला, दुसऱ्या बाजूने कामाचा सर्वांत जड हंगाम आला, आणि दोन्हींच्या मध्ये तुम्ही सापडलात. डिसेंबरच्या पगारातली ती चूक तीन-सव्वातीन तास झोपलेल्या माणसाची चूक आहे. तिच्यावरून स्वतःच्या चारित्र्याचा निकाल लावू नका.

व्यसनाच्या प्रश्नाचं उत्तर मला टाळायचं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात 'गेमिंग डिसऑर्डर' हे निदान आहे. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झालं. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळणं कधी सुरू करायचं, कधी थांबवायचं यावरचा ताबा सुटलाय का, बाकीच्या सगळ्या आवडी आणि कामांच्या वर खेळ जाऊन बसलाय का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं तसंच चालू आहे किंवा वाढतंय का. शिवाय त्यामुळे घर, नाती, काम यांचं ठळक नुकसान व्हायला हवं, आणि साधारणपणे हे बारा महिने दिसायला हवं. किती तास खेळता, हा आकडा त्यात कुठेच नाही. तुमच्या पत्रात मला दुसरं दिसतं की रेड संपली की तुम्ही थांबता, रेड नसलेल्या रात्री अकराला झोपता, आणि गणपतीत सासरी गेलात तेव्हा दहा दिवस लॉगिनही केलं नाहीत. पत्रावरून निदान करता येत नाही आणि तो माझा अधिकारही नाही. पण सुट्टीत ज्याला दहा दिवस सहज बाजूला ठेवता आलं, त्याला मी घाईने व्यसन म्हणणार नाही. काळजी वाटते ती डोहाळजेवणाच्या दिवशी सांगितलेल्या खोट्याची. खेळण्याच्या तासांपेक्षा मला ती जास्त वाटते.

त्या खोट्याकडे जायच्या आधी मला एक विचारायचंय. या खेळात मार झेलणारे टँक असतात, मार देणारे डीपीएस असतात, हीलर असतात. तुम्ही हीलरच का निवडलंत? तीन तास वीस जणांच्या जीवनशक्तीच्या पट्ट्यांवर डोळा ठेवायचा, कुणाची पट्टी खाली आली की तिकडे धावायचं. दिवसभर चारशे लोकांचे पगार तुम्ही सांभाळता. गावाला सासूबाईंची औषधं संपली का, हेही तुम्हीच बघता. म्हणजे खेळातही तुम्ही दुसऱ्यांचीच काळजी घेता. एकच गोष्ट वेगळी आहे. तिथे बॉस, म्हणजे मोठा शत्रू, पडला की सगळ्यांसमोर आकडे येतात आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर कुणीतरी म्हणतं, "आज तू वाचवलंस." पेरोलमध्ये चारशे पगार बरोबर झाले तर कुणाचा फोन येत नाही, एक चुकला की येतो. घरच्या कामाचंही तेच.

निक यी या संशोधकाने हजारो खेळाडूंच्या सर्वेक्षणांवरून २००६ मध्ये अशा खेळांमागच्या ओढीचे तीन मोठे गट मांडले: काहीतरी मिळवणं, माणसांशी जोडलं जाणं, आणि एका वेगळ्या जगात रमून जाणं. तुमच्या पत्रात ड्रॅगन, जादू, त्या जगाच्या कथा यांचा उल्लेखही नाही. आहेत ती माणसं, आणि आपलं काम कुणाला तरी दिसतंय याचा आनंद. ही भूक रास्त आहे. ती भागवायला साडेबाराचीच रेड लागते का, एवढंच तपासून बघायचंय.

आणि साडेबाराच का, यालाही कारण आहे. तुम्ही ते लिहिलं नाहीत, म्हणून मी लिहिते. रात्री साडेबारानंतर तुमच्याकडे कुणी काही मागत नाही. डबा भरायचा नसतो, फोन येत नाही, "काय करतेयस?" असं कुणी विचारत नाही. आपल्याकडे बाईने नुसत्या स्वतःच्या आनंदासाठी तीन तास घेतले, की ते कुणाच्या तरी वाट्यातून काढून घेतल्यासारखे वाटतात, आणि सगळ्यात आधी तिला स्वतःलाच वाटतात. नवरा आयपीएलचा सामना बघत बसला तर त्याला कुणाला उत्तर द्यावं लागत नाही. तुम्ही मात्र हॉलमधला दिवा मालवून, माइकवर कुजबुजत खेळता. दुसऱ्या कुणाचा वेळ घ्यायचा नाही, म्हणून तुम्ही स्वतःची झोप दिलीत. पुढे झोप पुरेना, मग मैत्रिणीची संध्याकाळही गेली. म्हणून मी तुम्हाला नुसतं "कमी खेळा" असं सांगणार नाही. तुम्ही उजेडात खेळा. सगळ्यांना सांगून, संध्याकाळच्या वेळेत, जेव्हा घराचाही तुमच्यावर हक्क असतो तेव्हा. ते रात्री लपून खेळण्यापेक्षा अवघड आहे, याची मला कल्पना आहे.

ढोल-ताशा पथकातली मुलंमुली आठवा. गणपतीच्या आधी कित्येक आठवडे नोकरी करून, रोज संध्याकाळी सरावाला जातात, हाताला फोड येईपर्यंत वाजवतात. घरचे कुरकुरतात, पण सांभाळून घेतात. का? त्याला हंगाम असतो आणि हंगामाला शेवट असतो. सराव किती वाजता सुरू होतो आणि कधी संपतो, हे घरात सगळ्यांना माहीत असतं. आणि मिरवणुकीच्या दिवशी आई, भाऊ, शेजारी रस्त्यात उभे राहून आपल्या पोरीला ओळखतात. तुमच्या रेडला यातलं काहीच नाही. हंगाम संपत नाही, वेळ घरात कुणाला नीट माहीत नाही, आणि तुम्हाला खेळताना घरच्या कुणीही पाहिलेलं नाही. या तिन्ही गोष्टी बदलता येतात.

आता तुमच्यापुढचे मार्ग. पूर्ण सोडण्याचा मार्ग तुमच्यासाठी मला बरा वाटत नाही. त्यात ती नर्स जाईल, दिसणारं काम जाईल, आणि बदल्यात झोपेशिवाय काहीच येणार नाही. काहींना मात्र पूर्ण सोडावंच लागतं, त्यांच्याबद्दल खाली लिहिते.

तुम्ही सुचवलेला मार्ग म्हणजे तीनऐवजी दोन रात्री. हाही मला पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच खेळाच्या नियमात आहे. तुमची टीम मिथिक या सर्वांत अवघड पातळीवर खेळते आणि मिथिकला बरोबर वीसच जण लागतात. एकोणीस झाले तर बाकीचे सगळे खोळंबतात. अशा टीममध्ये हीलर्सची प्रमुखच तीनातल्या दोनच रात्री येणार असेल, तर तिसऱ्या रात्री तुम्ही अंथरुणात पडून फोनवर डिस्कॉर्ड बघत बसाल. शिवाय उरलेल्या दोन रात्रीही साडेतीनपर्यंतच्याच.

मला पटतो तो मार्ग असा: गिल्ड तीच, जागा वेगळी. मिथिकच्या खालच्या हिरॉइक पातळीला दहापासून तीसपर्यंत कितीही माणसं चालतात. कुणी आलं नाही तर रेड अडत नाही, कुणी उशिरा आलं तर सामावून घेता येतं. नोकरी-संसार असलेल्या माणसाला ही रचना झेपते. बऱ्याच गिल्डमध्ये शनिवार-रविवारी असा एखादा सैल गट चालतो. नसेल तर तुम्ही सुरू करा, तुमच्यात ते कसब आहे. युरोपातली शनिवार दुपारची तीनची वेळ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात, उन्हाळ्यात साडेसहा. दहा-साडेदहाला रेड संपते, रविवारची सकाळ शाबूत राहते. हे जमलंच नाही, तर आखातात राहणाऱ्या खेळाडूंचे गट शोधा. दुबई आपल्यापेक्षा दीडच तास मागे आहे आणि तिथे घड्याळं बदलत नाहीत. तिथल्या रात्री आठला सुरू झालेली दोन तासांची रेड आपल्याकडे साडेअकराला संपते. शुक्रवारी रात्री तेवढं चालून जातं.

"वीस माणसं माझ्यावर अवलंबून आहेत" याबद्दल एक विचारते. तुमच्याकडे तेव्हा साडेतीन वाजलेले असतात, हे त्या वीस जणांपैकी किती जणांना माहीत आहे? सर्व्हरच्या घड्याळात अकराच दिसतात. तुम्ही कधी सांगितलं नसेल, तर त्यांनी तुमच्यावर जबरदस्ती केली असंही म्हणता येणार नाही. त्यांना निवडायची संधीच मिळाली नाही. गिल्डच्या प्रमुखाला लिहा, आणि चॅटमध्ये नको, नीट सविस्तर लिहा: माझ्याकडे रेड पहाटे साडेतीनला संपते, माझ्या कामावर परिणाम झालाय, मी मिथिक टीममधून बाहेर पडतेय, अजून दोन आठवडे येईन. त्या दोन आठवड्यांत कोणत्या फाइटमध्ये कुणी कोणता मोठा कूलडाउन (एकदा वापरली की काही वेळ बंद राहणारी शक्ती) कधी वापरायचा, याची जी यादी तुम्ही ठेवता ती दुसऱ्या हीलरच्या हाती द्या आणि एकदा तिला चालवू द्या. दोन आठवडे म्हणजे दोनच. "हा शेवटचा बॉस पडू दे, मग" असं कुणी म्हणेल, तुम्हालाही तसंच वाटेल. तेव्हा सात तारीख आणि पंधरा तारीख आठवा.

हे करताना नुकसान झाल्यासारखं वाटेल, त्याची तयारी ठेवा. दर आठवड्याला उघडणारी ग्रेट व्हॉल्टची पेटी काही आठवडे जवळजवळ रिकामी निघेल आणि मन खट्टू होईल. याच खेळाची एक गोष्ट तिथे उपयोगी पडेल. २००४ मध्ये तो बाजारात येण्याआधी चाचणी चालू होती, तेव्हा बराच वेळ सलग खेळलं की मिळणारे अनुभव-गुण निम्मे व्हायचे. खेळाडूंना ती शिक्षा वाटली. मग कंपनीने मांडणी उलटी केली: काही काळ बाहेर राहून परत आलात तर विश्रांतीचा बोनस म्हणून दुप्पट गुण, एरवी नेहमीचे. आकड्यांचं प्रमाण तेच राहिलं, तक्रार थांबली. तुम्हीही तसंच करून बघा. "गिल्डच्या तीन रात्री गेल्या" असं मोजू नका. सात रात्रींची झोप हा पाया धरा, आणि त्यावर मिळालेली शनिवारची संध्याकाळ ही वरची मिळकत.

नवऱ्याबद्दल. "त्याला काही फरक पडत नाही" असं लिहिता, आणि दोन ओळींनी "परवा त्याने फक्त एवढंच विचारलं, आज पण?" असंही लिहिता. ज्याला फरक पडत नाही तो असं विचारत नाही. आठवड्यातल्या तीन रात्री तो शेजारी कुणी नसताना झोपतो आणि भिंतीपलीकडची कुजबुज ऐकतो. ती कुजबुज कुणाशी, कशाबद्दल, हे त्याला कळत नसेल तर त्याच्या मनात काय काय येत असेल, याचाही विचार करा. एखाद्या निवांत रविवारी त्याला विचारा, "माझ्या खेळण्याचा तुला काय त्रास होतो?" आणि तो बोलत असताना सफाई देऊ नका. मग त्याला एक फाइट दाखवा, शेजारी बसवून. कोण टँक, कोण हीलर, ती पोलंडची नर्स कुठली, सगळं सांगा. त्याला आवडलं नाही तरी चालेल. बायको रात्री कुणाशी बोलते हे त्याला कळेल, आणि तुम्हाला कुजबुजावं लागणार नाही. मग शनिवार संध्याकाळ मागा. त्या दिवशी स्वयंपाक तो करेल किंवा बाहेरून येईल, हेही तेव्हाच ठरवा. त्या बदल्यात आठवड्यातली एक संध्याकाळ त्याची, तितकीच पक्की, फोनच्या कॅलेंडरमध्ये लिहिलेली. रेडच्या वेळा तुम्ही कॅलेंडरमध्ये लिहिता, म्हणून पाळता. घरच्यांना दिलेली वेळही तशीच लिहायला हवी, कारण घरची माणसं आठवणीचा मेसेज पाठवत नाहीत.

आईची समजूत घालणं सोपं आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये जो केंद्राचा कायदा झाला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली. तुम्ही दरमहा ठरलेली वर्गणी भरता, पैज लावत नाही. हे एकदा शांतपणे सांगितलं की रमीच्या जाहिरातींमुळे बसलेली तिची धास्ती कमी होईल. ती बिचारी तुम्ही कर्जात बुडाल म्हणून घाबरली असणार.

अशी पत्रं मला बऱ्याच जणांकडून येतात, म्हणून त्यांच्यासाठीही थोडं लिहिते. हॉस्टेलवर राहणाऱ्या विद्यार्थ्यांनो, परीक्षेच्या महिन्यात गिल्डला आधी कळवून रजा घ्या. चांगला गिल्ड ती देतो, आणि जो देत नाही तो गिल्ड बदला. खेळ बनवणाऱ्यांपैकीही काही जण हे मानतात. 'फायनल फँटसी फोर्टीन'चे दिग्दर्शक नाओकी योशिदा यांनी तर उघडपणे सांगितलंय की आमच्या खेळातून विश्रांती घ्या, दुसरे खेळ खेळा, मन झालं की परत या. आईवडिलांनो, असा खेळ मध्येच थांबवता येत नाही. पाच किंवा वीस जणांची लढत चालू असताना "आत्ताच्या आत्ता ऊठ" म्हणालात, तर त्या मुलाला सगळ्या साथीदारांना तोंडघशी पाडावं लागतं. "ही फाइट संपली की जेवायला ये" म्हणा. एक फाइट साधारण पाच ते दहा मिनिटांत संपते. ती संपल्यावरही दुसरी सुरू झाली, तर मात्र रागवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. आणि नवराबायको दोघंही खेळत असाल, तर एकाच टीममध्ये असण्याने घरातला वेळ एकत्र जातो असं समजू नका. हेडफोन लावून शेजारी बसणं वेगळं आणि समोरासमोर जेवणं वेगळं.

पूर्ण सोडावं लागतं ते कुणाला? ज्यांना आठवडाभर थांबायचं ठरवूनही दुसऱ्या दिवशी थांबता येत नाही, ज्यांची नोकरी किंवा वर्ष गेलंय तरी खेळणं वाढतच चाललंय, ज्यांना खेळाबाहेर कशातच रस उरलेला नाही. त्यांनी हे एकट्याने निस्तरायला जाऊ नये. कित्येकदा खाली नैराश्य असतं आणि खेळ हा त्यावरचा शोधलेला आडोसा असतो. आडोसा नुसता काढून घेतला तर माणूस आणखी उघड्यावर येतो. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तो विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी 'शट' नावाचं खास क्लिनिक २०१४ पासून आहे. मैत्रिणी, तुम्हीही मिथिक टीम सोडून दीड-दोन महिने नीट झोपलात आणि तरीही कामात लक्ष लागेना, रडू थांबेना असं झालं, तर हा नंबर लावा. तेव्हा खेळाच्या पलीकडे काहीतरी बघायला हवं असेल.

राहिली तुमची मैत्रीण. तिला मार्चमध्ये दिवस भरतायत. तिच्या माहेरी जा, फोनवर नको. "त्या दिवशी ऑफिसचं काम नव्हतं, मी गेम खेळत होते" एवढं आधी सांगून टाका. कारणं नंतर, तिने विचारली तर. ती चिडेल. शाळेपासूनची मैत्रीण आहे, तिला चिडू द्या. हसेल या भीतीने तुम्ही तिला इतकी वर्षं या खेळाबद्दल काहीच सांगितलं नाहीत, तेही सांगा. आणि जाताना रेडचे वार टाळा, म्हणजे रात्रीच्या रेडसाठी घड्याळ बघत बसावं लागणार नाही.